बंद राउटरचं वाय-फाय

त्या आशाताईचा चेहरा आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. तीन तास उभं ठेवलं होतं मी तिला.

पाथर्डीकडचं गाव. ठाण्यात फोन आला, "मॅडम, बायांची गुपितं फुटत्यात." कुणाला दिवस गेले, कुणाचा गर्भ पडला, हे त्या त्या बाईच्याच मोबाईलवर अनोळखी नंबरवरून येत होतं. गरोदर बायांच्या नोंदी फक्त गावच्या आशा सेविकेकडे, म्हणजे या आशाताईकडे. गावाने तिला दारं बंद केली. पुढच्या ग्रामसभेत तिला काढायचा ठराव होता.

मी तेव्हा फौजदार. अक्कल कमी, गॉगल मोठा.

"नोंदी कुणाला दिल्या?"

"देवाशपथ न्हाई मॅडम. वही कुलपात हाय. निस्ते फोटो तालुक्याला मेल करते."

मेलकडे मी लक्षच दिलं नाही. पंचायतीच्या भिंतीवर पाणी सोडायच्या वेळांखाली वाय-फायचं नाव आणि पासवर्ड रंगवलेला होता. मी माझा मोबाईल जोडला. समोर आलेल्या पानाने ईमेलचा पासवर्ड मागितला, तोही शहाणीने दिला. जबाबाचा फोटो ठाण्यात मेल केला.

तासाभरात माझ्याच मोबाईलवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "मॅडम, जबाबात आशाताईच्या नवऱ्याचं नाव चुकलंय."

नाव खरंच चुकलं होतं.

पंचांसमोर पंचायतीचा राउटर काढला, सील करून जीपमध्ये ठेवला. भर दुपारी ओट्यावर उभं राहून मोबाईल पाहिला. वाय-फायचं तेच नाव, सिग्नलच्या दोन रेघा.

हवालदार पुटपुटला, "मॅडम, हे काय बरं न्हाई."

"भूत पासवर्ड मागतं व्हय?" मी म्हणाले.

मोबाईल समोर धरून चालत गेलो. झेरॉक्सच्या दुकानाशी रेघा पुऱ्या भरल्या. कागदाच्या गठ्ठ्यांमागे दुसरा राउटर, नाव तेच, पासवर्ड तोच. शेजारी दुकानदाराच्या वहीत गावाचे ईमेल पासवर्ड लिहिलेले. आशाताईचा होता. शेवटचा माझा.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "मी कुठं चोरलं? लोकांनीच लिवून दिलं. मेसेज आला की बाया घाबरून माझ्याकडंच मोबाईल दाखवाया यायच्या. बरं वाटायचं."

तेवढ्या वाक्याने जो काटा आला, तो खुनाच्या तपासातही आला नव्हता.

आता नातीला बजावते, वाय-फायचं नाव कुणीही लावू शकतं. त्याने ईमेलचा पासवर्ड मागितला की तिथेच थांबायचं. आणि समोर रडणाऱ्या बाईचं आधी नीट ऐकायचं.

ठरावाआधी मी आशाताईबरोबर घरोघर गेले, चूक माझी होती हे सांगत. पहिल्याच दारात एका बाळंतिणीने तिचा हात धरला.

"ताई, तू ये आत. मॅडम, तुमी भाईरच थांबा."

थांबले.