टाकी थंड होईल का, भाऊजी?

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका सावध माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात सापडणार नाही. जन्मभर हवामानाचा अभ्यास केल्यामुळे त्यांनी ठाम बोलण्याची धास्तीच घेतली आहे. निवृत्तीनंतर बोर्डीला चिकूची वाडी सांभाळतात. चहात साखर घालू का विचारलं, तर "घालण्याकडे कल आहे" म्हणतात. मुलाच्या लग्नात व्याह्यांनी जेवण कसं झालं विचारलं, तर म्हणाले, "सरासरीपेक्षा किंचित वर." व्याह्यांची समजूत काढता काढता ताई थकली. पावसात छत्री उघडावी की नाही याचा विचार करत ते चिंब भिजलेले मी स्वतः पाहिले आहेत.

रानशेतकडच्या काही पाड्यांच्या नळाच्या पाण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. टाकीत घातलेलं क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत थोडं तरी पोचायला हवं. टाकी तापली की ते वाटेतच संपतं. गेल्या मे महिन्यात शेवटच्या पाड्यावर क्लोरीनचा पत्ता नव्हता आणि दोन घरांतली मुलं जुलाबाने आडवी पडली. डोस उगाच वाढवावा, तर बायका "बाई, दवाखान्याचा वास येतो" म्हणत हंडे घेऊन ओहोळावर जाणार, म्हणजे आणखी आजार.

मी तडक बोर्डी गाठली. माझी अडचण ऐकून भाऊजींनी शतकअखेरीच्या तापमानाचे नकाशे उघडले.

"शतक राहू द्या. या आठवड्यात माझी टाकी रात्री तरी थंड होईल का?"

"तसं निश्चित सांगणं..."

"हो की नाही?"

"अगं, असे प्रश्न आम्हाला कोणी विचारत नाही."

आतून ताई ओरडली, "अहो, लग्नाला होकार द्यायलासुद्धा एवढा वेळ लावला नव्हता तुम्ही!"

"लावला होता," ते शांतपणे म्हणाले आणि पुन्हा आकड्यांत शिरले. चहा निवला. मग म्हणाले, "नाही होणार. रात्रीही उकाडाच राहील. डोस वाढव. रविवारनंतर कमी कर."

मी वाढवला. वास का येणार आणि कधीपर्यंत, ते पाड्यावर जाऊन सांगितलं. बायका कुरकुरल्या, पण नळ सोडला नाही. शेवटच्या नळाला क्लोरीन आलं. भाऊजींचे मात्र दिवसभर फोन: "मुलं कशी आहेत?"

मुलं उठून खेळायला लागली, तेव्हा ते सांगायला मी बोर्डीला गेले. भाऊजी दाढी वाढवून ओट्यावर बसले होते.

"इतके अहवाल लिहिले," ते म्हणाले, "पण उद्या काय करू, असं विचारायला कधी कोणी आलं नाही गं."

मला तलासरीला बैठकीला पोचायचं होतं. तरी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसले.