दिनूकाकांचा नंबर

दिनूकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की पायातलं काढायच्या आधी विचारत, “मीटर कुठाय?” मग घराला वळसा घालून मागे जात, खिशातली बॅटरी काढून मीटरवरचा नंबर वहीत उतरवून घेत आणि त्यानंतरच आत येऊन पाणी मागत. पुण्याहून इथे परदेशात येऊन मी माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात राहायला आले तेव्हा घरात वीज नव्हती. आधीच्या भाडेकरूने जाताना त्याचं खातं बंद केलं होतं, आणि वीज म्हणजे घरमालकाने बघायची गोष्ट, अशी माझी पुण्याची समजूत. जुलै महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा, भिंतींना ओल, आणि मी दोन स्वेटर चढवून बॅगेवर बसलेली. कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या, म्हणजे इथल्या किरकोळ सामानाच्या दुकानातल्या, गुजराती बाईंनी एक नंबर दिला. अर्ध्या तासात, मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेले सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ दारात हजर.

त्यांनी माझ्या वतीने वीजकंपनीला फोन लावला. माझं नाव केतकी. पलीकडच्या मुलीला ते त्यांनी “के फॉर कराड, ई फॉर एरंडोल, टी फॉर तासगाव” असं समजावून सांगितलं. ती बिचारी गडबडली, पण वीज त्याच दुपारी आली. मग ते म्हणाले, “दिवा आधी, देव मागनं. आता तुझा गणपती मांड.”

काका मूळचे मिरजेचे. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, खांबांवर चढण्यात आणि तारा जोडण्यात गेली. काकू गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. मुलगा भला, पण सकाळी अंधारात निघायचा आणि अंधारात यायचा. नातवाला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. आजोबांनी काही विचारलं की “स्वीट ॲज, आजोबा”, म्हणजे सगळं मस्त, असं म्हणून तो खोलीत निघून जायचा. घरात दिवसभर बोलायला कुणी नाही, म्हणून काका लोकांच्या मीटरशी बोलायला लागले असावेत, असं मी एकदा थट्टेने म्हटलं. ते हसले नाहीत.

नव्याने येणाऱ्या मराठी मुलांना त्यांनी किती इंटरनेट, किती फोन, किती गरम पाण्याच्या टाक्या सुरू करून दिल्या याची मोजदाद नाही. कंपनीचा फोन होल्डवर असला की त्या वेळात ते मेथी निवडत. “होल्ड म्हणजे फुकट मिळालेला वेळ, पोरी. रागवायचं नाही, भाजी निवडायची,” असं सांगत. त्यांचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. कंपनी बदलायची असेल तर जुनी आपण होऊन तोडायची नाही. नव्या कंपनीला सांगायचं, ती आपला नंबर ओढून घेते आणि जुनं खातं आपोआप मिटतं. “आधीच तोडलंस तर नंबर वाऱ्यावर जातोय. आन् वाऱ्यावर गेलेला नंबर देवालाबी घावत नाही.”

ते स्वतः मात्र जुन्या तांब्याच्या तारेचा फोन धरून बसले होते. मुलाने कितीदा सांगितलं की आता कुणी लँडलाईन ठेवत नाही. कारण मला पुढे कळलं. मिरजेत त्यांची थोरली बहीण होती, अक्का. वय ऐंशीच्या पुढे, मूलबाळ नाही, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. दर गुरुवारी सकाळी अकराला, पूजा आटोपली की त्या फोनच्या बटणांवर बोटं फिरवून हा लांबलचक परदेशी नंबर लावायच्या. इथे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असायचे. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे साडेसहा. अक्कांना तो प्रकार मान्यच नव्हता. “सूर्य काय तुमच्या सरकारच्या नोकरीत आहे का,” असं त्या विचारत.

काकांनी उलट फोन करायचा मार्ग बंद झाला होता. अक्कांना कुणीतरी पोलीस असल्याचं सांगून फोनवर दोनदा धमकावलं होतं. पुण्याहून त्यांचा पुतण्या आला आणि त्याने फोनची घंटाच बंद करून टाकली. आता फोन फक्त अक्कांकडून यायचा, आणि अक्कांच्या बोटांना एकच नंबर पाठ होता.

त्या वीस मिनिटांत काका निराळेच होत. मी दोन-तीनदा तिथे होते. अक्का त्यांना केस कापलेस का, दूध घेतोस का असं विचारत आणि हा शहात्तर वर्षांचा माणूस खोटं बोलताना पकडल्यासारखा चुळबुळत असे. फोन ठेवल्यावर एकदा म्हणाले, “इथं मला काका म्हणतात, बाबा म्हणतात, आजोबा म्हणतात. दिनू म्हणणारी एकच ऱ्हायली बघ.”

मुलाने शहराच्या टोकाला, पापाकुराला घर घेतलं आणि नेमकं त्याच महिन्यात काका घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. नव्या घरात तांब्याची तार नव्हती, फायबर होतं. मुलगा नोकरी, घर आणि इस्पितळ या तीन दगडांवर पाय ठेवून उभा. मी म्हटलं, फोनचं मी बघते. काकांनी पलंगावर पडल्यापडल्या मला सगळं दोनदा सांगितलं, माझ्याकडून वदवून घेतलं. मी मान डोलावली.

आणि मी उलटं केलं. पुण्यात मी चार वर्षांत पाच घरं बदलली होती. घर सोडताना सगळं आपल्या हाताने बंद करायचं, म्हणजे मालकाला बोट दाखवायला जागा उरत नाही, ही शिस्त अंगात मुरलेली. काकांच्या जुन्या घराच्या किल्ल्या द्यायच्या दिवशी मी वीज बंद केली, इंटरनेट बंद केलं आणि त्याच ओघात फोनही बंद करायला सांगितला. पलीकडच्या माणसाने विचारलं, नंबर ठेवायचा आहे का? घाईत होते. नव्या कंपनीकडे अर्ज केलेला आहे, ती बघेल, असं मी म्हटलं. अर्ज मी दुसऱ्या दिवशी करणार होते.

पुढचा आठवडा मी दोन्ही कंपन्यांच्या होल्डवर काढला. भाजी निवडायचं सुचलं नाही. नंबर गेला होता आणि परत मिळणार नव्हता, एवढंच प्रत्येकाने सभ्यपणे सांगितलं. काकांना सांगायला गेले तेव्हा ते वॉकर धरून खिडकीशी उभे होते. ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “आज वार कुठला?” बुधवार होता.

काकांनी पुतण्याला कळवलं, पण तो मिरजेला पोचेपर्यंत दोन गुरुवार उलटले होते. अक्कांनी दोन्ही वेळा फोन लावला होता आणि दोन्ही वेळा एक बाई इंग्रजीत बोलली होती. दिनू गेला आणि माझ्यापासून लपवताहेत, असं धरून त्यांनी जेवण टाकलं होतं. पुतण्याने त्याच्या मोबाइलवरून काकांचा आवाज ऐकवला तेव्हा त्या जेवल्या. मग नवा नंबर पाठ करायची खटपट सुरू झाली. निम्मा नंबर नीट जाई आणि पुढे बोटं जुन्या वाटेला लागत. एका बटणाचा मोबाइल आणून दिला, तो त्यांनी टोपलीत ठेवून दिला. स्वयंपाकाच्या बाई नंबर लावून द्यायला तयार होत्या. अक्का म्हणाल्या, “माझ्या भावाला फोन लावायला दुसरीचं बोट कशाला?”

पुतण्या महिन्यातून एकदा जाई तेव्हा फोन लावून देई. पण पुतण्या समोर बसलेला असताना अक्का पाहुण्यासारख्या बोलत. बरी आहे, तू बरा आहेस ना, ठेवते. केस कापण्याचं कुणी विचारत नव्हतं. काकांनी लोकांच्या घरी जाणं सोडलं. खुब्याचं निमित्त सांगत, पण तोवर ते चांगले चालत होते. मी दर गुरुवारी ट्रेनने पापाकुराला जायचे. अक्कांच्या वेळेला ते नव्या फोनपाशी बसत. तो वाजणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी बसत. मला त्या फोनकडे बघवत नसे.

पुढच्या वर्षी अक्का गेल्या आणि पाच महिन्यांनी काकाही गेले. त्या पाच महिन्यांतली एक संध्याकाळ सांगायलाच हवी.

पुतण्याचा फोन येऊन गेला होता. अक्कांचं घर आवरताना स्वयंपाकाच्या बाईंनी त्याला सांगितलं, की अक्का शेवटपर्यंत दर गुरुवारी अकराला जुनाच नंबर लावत होत्या. ती इंग्रजी बोलणारी बाई थांबेपर्यंत ऐकत आणि रिसीव्हर ठेवून म्हणत, “दिनू आज घरात नाही. कोण बाई आहे, सांगतीय बिचारी.” एकही गुरुवार चुकला नव्हता.

हे मला सांगून झाल्यावर काका म्हणाले, “तो नंबर लाव. मी कधी ऐकलंच नाही, ती काय म्हणतीय ते. हिंमत झाली नाही.”

मी लावला आणि आवाज मोठा केला. हा नंबर आता वापरात नाही, कृपया नंबर तपासून पुन्हा प्रयत्न करा, असं एका बाईने इंग्रजीत दोनदा सांगितलं. मग लाईन बंद झाली. मला राहवेना. जे वर्षभर तोंडातून निघालं नव्हतं ते मी बोलले. “काका, हे माझ्यामुळे झालं.”

“व्हय,” ते म्हणाले.

नातू आतून येऊन दिवा लावून गेला. मग त्यांनी माझा हात धरला आणि फोनकडे सरकवला.

“पुन्हा लाव. बाई बरी बोलती. खेकसत नाही. अक्काला वाटलं असंल, दिनूच्या घरात माणूस आहे.”

मी पुन्हा लावला.