गाडीबिगर आत नाय

बैलगाडी जुंपून सिनेमाला या, असं आमंत्रण अख्ख्या पंचक्रोशीला देणारा पृथ्वीतलावरचा पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस नेमका माझ्या सासुरवाडीत निघावा, याला मी योगायोग म्हणत नाही, प्रारब्ध म्हणतो. हा माणूस म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा. कुंभिवलीजवळ, मुंबई-पुणे रस्त्याला लागून त्यांची भाताची खाचरं होती, आणि मुंबईत जे जे दिसेल ते ते या खाचरांत आणून लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा ते मुंबईत लिफ्टमध्ये बसून आले आणि लगेच माळ्यावर भाताचे भारे चढवायला त्यांनी कप्पी बसवली, दोराला टोपलं बांधलं. इथवर ठीक होतं. पण भाऱ्यांच्या आधी त्या टोपल्यात ते स्वतः बसले आणि दोर ओढायला मला बोलावलं. मी कर्जतच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो, तेव्हा कप्पी हा माझाच विषय आहे, असं त्यांचं म्हणणं. मामा अर्ध्यावर पोचले आणि माझं बळ संपलं. वर ओढवेना, खाली सोडवेना, अशा अवस्थेत मी दोराला लोंबकळून मामींना हाका मारत राहिलो. मामी चुलीपुढून उठून आल्या, दोर खांबाला गुंडाळला, मला तांब्याभर पाणी दिलं आणि वर न बघता म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या जरा वरती. तेवढीच घराला शांतता."

मामी अशा बोलत, पण हसत मात्र नसत. म्हणजे मामांच्या देखत नसत. सासू-सासरे, दीर-जावा असं भरलेलं घर. त्यात नवऱ्यासमोर सुनेनं मोठ्यानं हसायचं नाही हे लग्न होऊन आल्या दिवशी अंगात जे मुरलं ते मुरलंच. पुढे सासू-सासरे गेले, जावा वेगळ्या झाल्या, तरी मामा समोर आले की मामींचा पदर तोंडावर जाई. मामांना हे हसणं ठाऊक झालं ते सिनेमाच्या तंबूत. भातकापणी उरकली की खालापूरला एक टूरिंग टॉकीज यायची. तंबूत मधोमध कनात. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. एका गाडीतून आलेली नवरा-बायको दाराशी अशी फुटायची की खेळ सुटेपर्यंत एकमेकांना दिसायची नाहीत. तिथे विनोदी प्रसंग आला की कनातीपलीकडून बायकांचा हसण्याचा लोंढा यायचा, आणि त्यात रांजणात तांब्या बुडवल्यासारखं बुडबुडत येणारं एक हसणं असायचं. ते आपल्या घरातलं आहे हे मामांनी बरोबर ओळखलं होतं. एकदा ओटीवर पान लावता लावता ते मला म्हणाले, "हासताना ती दिसती कशी, ते मला ठावं नाय बगा, जावयबापू. इतकी वर्सं निस्तं आयकतोय." यावर चांगल्या माणसाने काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मला काही सुचेना, म्हणून मी ध्वनी हवेतून कसा प्रवास करतो ते त्यांना समजावून सांगितलं.

मग केव्हातरी सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे, तांदळाच्या एका व्यापाऱ्याने मामांना मुंबईत मोटारीत बसून सिनेमा बघण्याच्या ठिकाणी नेलं. तेव्हा असं थिएटर निघाल्याचं नवल होतं. मामा परत आले ते थेट कर्जतला आमच्या घरी. चहा निवून गेला तरी त्यांचं बोलणं संपेना. सिनेमा कोणता होता, त्यात कोण होतं, यातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्यांनी बघितल्या होत्या फक्त मोटारी, आणि मोटारींतली माणसं. "नवरा-बायकू येकमेकाला खेटून बसल्याली, जावयबापू. आन् कोन कोनाला हासत नाय, कोन बोट दावत नाय. का? तर आपली गाडी म्हंजे आपलं घर. घरात बसल्यावर कोन इचारतो?" मामींना मुंबईला न्यावं म्हटलं तर त्यांना एस.टी. लागायची, खोपोलीच्या पुढे त्यांनी जग बघितलेलं नव्हतं. तेव्हा मुंबईच इकडे आणायची असं ठरलं. ठरवताना मामा माझ्याकडे बघत होते, त्यावरून दोर पुन्हा माझ्याच हातात येणार हे मी ओळखलं.

त्या वर्षी भात निघाल्यावर रस्त्याकडेच्या मोठ्या खाचरात मामांनी वाल पेरले नाहीत. त्यामुळे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची आमची थंडीतली पोपटी बुडाली, आणि मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "औंदा वालाच्या जागी पडदा पेरलाय." तंबू फाटला म्हणून धंदा बंद केलेल्या एका टूरिंगवाल्याकडून मामांनी पडदा, यंत्र, कर्णा, जनरेटर असं सगळं आणलं. यंत्र चालवणारा माणूस मात्र आणला नाही. यंत्रात भिंग असतं आणि भिंग माझ्या पुस्तकात असतं, एवढं त्यांना पुरलं. दर शनिवारी मी शाळा सुटल्यावर एस.टी.ने जायचं, अंधार पडला की खेळ लावायचा. मामांनी बांध फोडून गाड्यांना वाट केली आणि वाटेवर पाटी लावली. पाटीवर एकच नियम होता: गाडीबिगर आत नाय.

नियम केल्यावर तो मोडायचा कसा, यावर आसपासची सगळी गावं कामाला लागली. कुणी सायकल आणली, कुणी हातगाडी ढकलत आणली. रसायनीच्या कारखान्यातली मंडळी टेंपो भरून आली. एका म्हातारीने नातवाचा पांगुळगाडा आणून दारात आदळला आणि म्हणाली, "मोज रं चाकं. सायकलीपरीस येक जास्तीच हाय." मामांनी वाकून खरंच मोजली आणि तिला मानाने आत सोडली. मला मात्र पहिल्या दिवशी दारात अडवलं, कारण मी पायी आलो होतो. शेवटी शेजाऱ्याची सायकल मागून आणली आणि ती हातात धरून मी माझ्याच यंत्रापाशी गेलो.

पहिल्या खेळाला बैलगाड्या पडद्याकडे तोंड करून ओळीत लागल्या. बैल सोडून ठेवावेत असं मी सुचवलं. मामांना ते पटलं नाही. "मुंबईत काय गाडीचं इंजान सोडून ठेवत्यात?" त्यामुळे बैल जुंपलेलेच राहिले, आणि प्रत्येक गाडीतल्या माणसांना नायक-नायिका चार शिंगांच्या मधून दिसू लागले. तक्रार तरीही कोणी केली नाही. पण पडद्यावर पहिली बंदूक उडाली, तशी एका जोडीने शांतपणे तोंड फिरवलं आणि गाडीतल्या सबंध कुटुंबासकट घरची वाट धरली. कासरा ओढून, आरडाओरडा करून काही उपयोग झाला नाही. पुढच्या शनिवारी तेच कुटुंब आलं आणि "आमचा निम्मा ऱ्हायलाय" म्हणून अडून बसलं. मग बैल सोडायचं ठरलं. बैल सुटले, जू जमिनीला टेकलं, गाड्या पुढे कलंडल्या आणि सगळे प्रेक्षक घसरत घसरत धुरेवर गोळा झाले. तेव्हा कुठे जुवाखाली टेकू लावायची अक्कल आली. हा साधा गुरुत्वमध्याचा प्रश्न होता आणि तो मला आधी सुचायला हवा होता, हे मी इथे कबूल करत नाही.

यंत्र एकच, त्यामुळे रीळ बदलताना खेळ थांबायचा. तेवढ्यात माणसं उठून जाऊ नयेत म्हणून मी कर्ण्यावरून दोन शब्द बोलावेत, अशी मामांची आज्ञा होती. मी प्रकाशाच्या वक्रीभवनावर बोललो. ग्रहणांवर बोललो. लोकांनीही त्याचा सदुपयोग केला. माझा आवाज आला की बैलांना पाणी पाजायचं, असं पंचक्रोशीत ठरून गेलं, आणि पुढे पुढे तर बैलच माझा आवाज ऐकून उभे राहू लागले. इतक्या एकाग्रतेने मला वर्गात कधी कोणी ऐकलं नव्हतं.

या सगळ्यात मामांची स्वतःची गाडी मधोमध, उत्तम जागी लागलेली असे. खाली पेंढा, वर सतरंजी, आणि सतरंजीवर मामी एकट्या. मामांना बसायला सवड कुठे होती? कोणाचे बैल भांडतायत, जनरेटर धूर काढतोय, पांगुळगाडा हरवलाय. मामा बॅटरी घेऊन या बांधावरून त्या बांधावर. मधेच ते बुडबुडतं हसणं यायचं. ते ऐकलं की मामा हातातलं टाकून गाडीकडे धावत सुटायचे, आणि तिथे पोचेपर्यंत विनोद संपलेला असायचा. मामी पदर सावरून समोर बघत असायच्या. असे दोन-तीन हंगाम मामा धावले. मी यंत्रापाशी उभा राहून ते बघायचो आणि सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर येईना.

पुढे गाड्या कमी होऊ लागल्या. रसायनीच्या वसाहतीत टीव्ही आले, टेंपो यायचा बंद झाला. मग कुंभिवलीतच कोणाच्या तरी अंगणात भाड्याचा व्हिडिओ लागू लागला आणि तिथे चाकांची अट नव्हती. एका शनिवारी अंधार पडला तरी वाटेवर कोणी दिसेना. रस्त्याने ट्रक जात होते, त्यांचे दिवे पडद्यावरून सरकून जात होते. मी म्हणालो, "मामा, आज आवरूया. कोणी येईलसं वाटत नाही." मामांनी वाटेवर बॅटरी मारून बघितली. मग म्हणाले, "लावा तुमी. आमी दोघं हाय की." आणि हातातली बॅटरी माझ्याकडे देऊन ते खेळाच्या वेळी पहिल्यांदाच आपल्या गाडीत चढून मामींशेजारी बसले.

खेळ विनोदी होता, मी मुद्दामच तो लावला होता. पडद्यावर एकजण चिखलात पडला, दुसरा विहिरीत पडला. गाडीतून आवाज नाही. मी मान उंचावून बघितलं. मामी पाटासारख्या ताठ बसल्या होत्या, पदर तोंडावर. मामा पडद्याकडे बघतच नव्हते. ते मामींकडे वळून, मांडी घालून, वाट बघत बसले होते. मी रीळ बदललं. कर्णा हातात घेतला आणि देवाने बुद्धी दिली म्हणून खाली ठेवला. त्या शांततेत मामींचा आवाज आला, "अवो, तुमी आसं टकामका बगत बसल्यावर मला हासू कसं येनार? उतरा खाली."

मामा उतरले आणि गाडीमागे भाताच्या धसकटात चाकाला पाठ लावून बसले. तिथून त्यांना पडदाही दिसत नव्हता आणि मामीही दिसत नव्हत्या. मी दुसरं रीळ सुरू केलं. थोड्या वेळाने मामी हसल्या. मग थांबल्याच नाहीत. पदर खांद्यावर पडलेला, डोळ्यांत पाणी, एक हात गाडीच्या कडेवर आपटत त्या अशा हसत होत्या की मलाही भरून आलं. मी मामांना खुणेने बोलावत होतो, की या, बघा एकदा. त्यांनी मान हलवली. ते डोळे मिटून बसून राहिले.

सकाळी पडदा उतरवताना मी म्हणालो, "मामा, तेवढं बघायचं राहिलंच की तुमचं."

"ऱ्हायलं," मामा म्हणाले. "पन ती हासली की गाडी हालायची. पाठीला लागत व्हतं माज्या." आणि त्यांनी पडद्याची घडी घातली. त्यानंतर तो पडदा कधी उभा राहिला नाही.

आता मामा नाहीत, मामीही नाहीत, आणि त्या खाचरावर कोणाचं तरी पत्र्याचं गोदाम आहे. आमच्या घरी रोज संध्याकाळी टीव्ही लागतो. ही माझ्या अगदी शेजारी बसलेली असते, मोठ्याने हसते, आणि मी पडद्याकडे बघत असतो.