होयबाचं मत

सलूनवर नावाची पाटी होती, पण गल्लीत सगळे त्या न्हाव्याला 'होयबा' म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, की त्याने काहीही बोलावं. हा मान डोलावून "अगदी बरोबर" म्हणणार. समोरच्याच्या गळ्यावर वस्तरा असताना वाद घालायचा नसतो, हे वडिलांनी शिकवलेलं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. धंद्याला ते बरंच असतं म्हणा. बायको मात्र म्हणायची, "तुमचा 'हो' म्हणजे फुकटचं अत्तर. येईल त्याला लावता."

त्या वर्षी त्याचा बालमित्र, नाक्यावरचा डॉक्टर, नगराध्यक्षपदासाठी उभा राहिला. समोर जुने नगराध्यक्ष. लढत इतकी अटीतटीची, की पैज लावायला कोणी धजेना. डॉक्टर दाढीला आला की विचारायचा, "आपल्या गल्लीचं काय?"

"गल्ली तुझीच आहे रे," होयबा फेस लावत सांगायचा.

खरं तर त्याच खुर्चीत बसून निम्मी गल्ली डॉक्टरला नावं ठेवत होती. मोठ्या लोकांत गेला, आता आपल्याकडे ढुंकून बघत नाही म्हणे. त्यांनाही होयबा "अगदी बरोबर" म्हणाला होता. मित्राचं तोंड उतरलेलं बघवणार नाही, म्हणून त्याने सगळं पोटात ठेवलं. आणि घरचीच माणसं समजून डॉक्टर आपल्या गल्लीत एकदाही मतं मागायला फिरला नाही.

मतमोजणी दोनदा झाली. डॉक्टर अगदी थोडक्यात हरला. एकटी गल्ली पाठीशी राहिली असती तरी निभावलं असतं. आपल्या गोड बोलण्याने मित्र बुडाला, हे होयबाला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला, नेहमीच्या खुर्चीत बसला. होयबाने कापड बांधलं, पण ब्रश उचलला नाही.

"गल्ली तुझी नव्हती. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही."

डॉक्टरने आरशातून त्याच्याकडे बघितलं. "आणि तू? तू तरी मला मत दिलंस का?"

"हो," होयबा म्हणाला.

ते खरं होतं. सलून बंद ठेवून, रांगेत सगळ्यांच्या आधी उभं राहून त्याने मित्राच्या नावावर शिक्का मारला होता. इतका खरा 'हो' त्याच्या तोंडून आजवर क्वचितच निघाला असेल.

डॉक्टर जरासा हसला. मान मागे टाकून त्याने डोळे मिटले.

"अगदी बरोबर," तो होयबाच्याच सुरात म्हणाला. "कर दाढी."