काचेआडचा धूर

कुसुमताई मेश्राम कन्हानहून शहरात, सक्करदऱ्याला मुलाकडे राहायला आल्या त्याला आता तीन वर्षं झाली. नवरा धोंडबा तिथल्या खाणीत कामाला होता. तो गेल्यावर वर्षभरात सौरव येऊन म्हणाला, एकटी काहून राहते, आई? त्याही निघाल्या. सौरव आणि सून मयुरा दोघंही सकाळी नवाच्या आत घराबाहेर पडत. दोन्ही वेळचा स्वयंपाक कुसुमताईंनी पहिल्याच आठवड्यात आपणहून अंगावर घेतला. त्या घरात आपलं म्हणावं असं दुसरं काम त्यांना दिसलं नाही.

स्वयंपाकघर देखणं होतं. मागची गॅलरी आत घेऊन तिथं कपाटं बसवली होती, त्यामुळे उरली ती एकच खिडकी, तीही न उघडणाऱ्या पक्क्या काचेची. हॉलमध्ये एसी आणि कापडी सोफा. फोडणीचा वास तिकडे जाऊ नये म्हणून मधे सरकती दुधी काच. शेगडीवर काळीभोर चिमणी. सौरवने ती सीताबर्डीच्या एका दुकानातून निवडून आणली होती. भिंत फोडायची नाही, पाइप दिसत नाही, टाइल्सला शोभून दिसते, असं दुकानदार म्हणाला होता. घरभरणीला आलेल्या प्रत्येकाने तिचं कौतुक केलं.

पहिल्या हिवाळ्यात कुसुमताईंना खोकला लागला तो जाईचना. डॉक्टरांनी विचारलं, चूल पेटवता का? त्यांना हसू आलं. गॅस हाय साहेब, चिमणी बी हाय, त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी औषधाची बाटली लिहून दिली. तीन बाटल्या संपल्या. कपाटांच्या दारांवर मात्र बोटाला लागेल असा चिकट पिवळा थर बसू लागला. तो पुसताना त्यांच्या मनात यायचं, हे कपाटावर बसते तर माझ्या छातीत काय बसत असन.

चिमणी घरघरायला लागली म्हणून दुर्गेश नावाचा मेकॅनिक आला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने वरचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारली.

"काकू, याले पाइपच नाई न," तो म्हणाला. "हे धूर वर ओढते, कोळशाच्या जाळीतून काढते अन् घरातच परत सोडते. तेल अडकते थोडंसं. बाकी सारं तुमच्याच तोंडावर. अन् ते जाळी बी कधीची बदलली नाई."

कुसुमताईंनी त्याला चहा दिला आणि संध्याकाळी सौरवला एवढंच सांगितलं की मशीन साफ करून गेला. मुलाने हौसेने आणलेली वस्तू. तिला नावं ठेवायची कोणत्या तोंडाने? शिवाय सूनबाई आधीच म्हणायची, आई, झेपत नसेल तर बाई लावू. बाई लागली तर आपण दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांना खोकल्याहून मोठा वाटे.

मग तो रविवार आला. मयुराच्या ऑफिसातले सहाजण जेवायला होते आणि बेसनाच्या पाटोडीच्या झणझणीत रश्श्याची फर्माईश होती. दुपारी बाराला मयुराने बाहेरून काच ओढून घेतली. कुसुमताईंनी चिमणी मोठ्यावर केली, खोबरं भाजलं, कांदा भाजला आणि शेवटी मिरच्या तव्यावर टाकल्या. ठसका उठला तो थांबेना. डोळ्यांतून धारा लागल्या. त्या काचेकडे वळल्या, काच ओढली, तर ती दोन बोटं सरकली आणि खालच्या पट्टीत अडकून बसली.

त्यांनी एकदा काचेवर थाप मारली. हॉलमध्ये कुणीतरी किस्सा सांगत होतं, सगळे हसत होते, कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा उचललेला हात त्यांनी स्वतःच खाली घेतला. अशा तोंडाने पाहुण्यांपुढे जायचं? त्यांनी गॅस बंद केला, पदर ओला करून नाकाला लावला आणि खाली फरशीवर बसल्या. काचेच्या फटीतून एसीची गार हवा येत होती. त्या फटीला तोंड लावून, डोळे मिटून, त्या पाव तास तशाच बसून राहिल्या.

मयुरा पापड न्यायला आली तेव्हा तिने फटीतून त्यांना पाहिलं. सौरवने जोर लावून काच उघडली. पाहुणे उठून उभे राहिले. कुसुमताईंनी तोंड पुसलं, मिरची जरा जास्त भाजली, असं सांगितलं, काच उघडी ठेवून रस्सा पुरा केला आणि सगळ्यांना वाढलं.

पाहुणे गेल्यावर मात्र त्या सोफ्यावर बसल्या. त्या सोफ्यावर त्या सहसा बसत नसत.

"मले त्या खोलीत श्वास घेता येत नाई, सौरव," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाले."

सौरव चिमणीची बाजू घेऊ लागला. मयुरा आत गेली, काच लावली, चिमणी सुरू केली आणि चार मिरच्या तव्यावर टाकल्या. दोन मिनिटांत खोकत बाहेर आली. त्यानंतर त्या विषयावर वाद झाला नाही.

पण मार्गही सरळ निघाला नाही. पाइपवाली चिमणी लावायची तर बाहेरची भिंत फोडावी लागणार, आणि सोसायटीने दोनदा अर्ज फेटाळला. शेवटी दुर्गेशनेच सुचवलं की खिडकीची वरची काच काढून तिथं बाहेर हवा फेकणारा पंखा बसवू. तो बसला. शेगडी पेटवायच्या आधी सुरू करा, विझवल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा, अन् हॉलकडची काच हातभर उघडी ठेवा, असं त्याने समजावलं. आत हवा आलीच नाही तर पंखा बाहेर फेकन काय?

महिनाभरात खोकला निम्म्यावर आला. मग समोरच्या इमारतीतल्या रुख्मिणीबाईंची तक्रार आली, की फोडणीचा वास थेट त्यांच्या बेडरूममध्ये येतो. सोसायटीची बैठक झाली. दुपारी एक ते चार पंखा बंद, असं ठरलं. आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर गेला की हॉलमधला एसी सुरू होतो आणि कुणीतरी न बोलता काच ओढून घेतं. कुसुमताई उठून ती परत हातभर उघडतात. तासाभराने ती पुन्हा लागलेली असते.

मिरच्या भाजणं त्यांनी सोडून दिलं. रस्सा आता बाजारच्या तयार मसाल्याचा होतो. सौरव म्हणतो, छान झाला. कुसुमताई स्वतः तो दोन घासांपलीकडे खात नाहीत.