शूटिंगवाल्या मामांच्या सीड्या

अख्ख्या वसमतमध्ये भर मांडवात लग्न थांबवायची ताकद एकाच माणसात होती: आमच्या शूटिंगवाल्या मामांत. समोर भटजी असोत की भंतेजी, मामांनी कॅमेऱ्यामागून हात वर केला की सगळं थांबायचं. "जरा दमा, बॅटरी बदलू द्या. लगीन एकदाच व्हतं!" नवरदेव घामाघूम, वरमाई चिडलेली, मामा मात्र थंड.

दुकानात भिंतभर सीड्या. गिऱ्हाइकाला सीडी दिली तरी एक प्रत स्वतःकडे ठेवायचीच. "लोकं सीडी हरवतेत, माय. आपल्याकडं असलेली बरी."

मी पुण्यात डीएनएवर काम करते हे ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "रक्त कोणाचं घेता?"

"कुणाचंच नाही, मामा. ते धागे आम्हीच बनवतो. त्यात चित्रं, आवाज साठवायचे आणि उजेड टाकून वाचायचे. शेकडो वर्षं टिकतील."

मामा खूश. "म्हंजे सीडीच की! फक्त मरत न्हाई."

मग जवळा बाजारची एक बाई आली. तिचा तरणा मुलगा अपघातात गेला होता. त्याला लग्नात हसताना तिला एकदा बघायचं होतं, आणि घरची सीडी चालत नव्हती. मामांची प्रतही चालेना. ती प्रत त्यांनी पुण्याला माझ्याकडे पाठवली. आमच्याकडेही तिच्यातून काही निघालं नाही. "आमचं तंत्र असलेलं टिकवतं, मामा. गेलेलं परत आणत नाही," मी फोनवर सांगितलं.

मामा म्हणाले, "मंग लवकर करा ना, माय. बाकीच्या सीड्या बी जाऊन राहिल्या." त्यांनी सगळं हार्डडिस्कवर उतरवून ठेवलं होतं, तर तीही बंद पडली होती.

पुढे दर दिवाळीला त्यांचा एकच प्रश्न, "आलं का तुमचं?" आणि माझं एकच उत्तर, "पुढच्या वर्षी." संशोधनात घाई चालत नाही हे मला पटलेलं, मामांना कसं पटावं?

यंदा जमलं. उजेड टाकला आणि साठवलेलं चित्र जसंच्या तसं आलं. कशाचं? आमच्या संस्थेच्या फाटकाचं! मामा उन्हाळ्यातच गेले होते. एखादी तरी सीडी चालेल, तिच्यातलं साठवून ठेवू म्हणून मी वसमतला धावले. भिंत रिकामी. मामी म्हणाल्या, "एक बी लागंना, तवा त्यायनीच शेतकऱ्यायला वाटून टाकल्या. म्हणले, पाखरं तरी उडतील."

परतताना रस्त्याकडेच्या ज्वारीत त्या दोरीला टांगलेल्या दिसल्या, उन्हात गरगर फिरत होत्या. मामा स्वतः कुठल्याच लग्नाच्या शूटिंगमध्ये दिसत नाहीत. कॅमेऱ्यामागचा त्यांचा आवाज तेवढा त्या सीड्यांत होता. आणि शेकडो वर्षं टिकणार आहे ते आमचं फाटक! गाडी बाजूला घेतली आणि पोटभर रडले.