आधी ताटं बघा

"आधी ताटं बघा, बाई. गल्ला कुठं पळून जात नाही."

काका हे मला किती वेळा म्हणाले असतील, देव जाणे. त्यांची खानावळ डेक्कनच्या मागच्या एका गल्लीत होती. एरवी मालक गल्ल्यापाशी बसतो. हे मात्र हात मागे बांधून, मान तिरकी करून खरकट्या ताटांच्या टबापाशी उभे. येणारं प्रत्येक ताट निरखायचे. तुम्ही पुण्यात शिकायला राहिला असाल, तर कदाचित तुमचंही ताट त्यांनी बघितलं असेल.

नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा मी त्यांच्याकडे पोळ्या लाटायला लागले. एकदा वांग्याची भाजी ताटांतून तशीच परत येऊ लागली.

"पण सगळे तर छान झालीय म्हणत होते," मी म्हटलं.

"तोंड सभ्य असतं, बाई. ताट नसतं." त्यांनी पातेल्यातली भाजी चाखली. मीठच पडलं नव्हतं.

यवतमाळचा एक विद्यार्थी रोज आमटीची वाटी भरलेलीच ठेवायचा. काकांनी त्याला गाठलं. "आमच्या आमटीशी आपलं काही वैर आहे का?"

तो बिचारा गडबडला. "नाही जी काका. गोड लागते."

"पुण्यात राहायचं आणि आमटीत गूळ नको!" काका दिवसभर धुसफुसत होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र गूळ घालायच्या आधी त्याच्यापुरती आमटी बाजूला निघू लागली. त्यावर कोणी चकार शब्द काढायचा नाही, अशी आम्हाला ताकीद होती.

मला तिथून बाहेर काढलं तेही त्यांनीच. "इथं राहाल तर जन्मभर माझीच ताटं बघाल. आता स्वतःची बघा." मी हिंजवडीत कंपन्यांतल्या मुलांसाठी खानावळ काढली. सुरुवातीला रोज रडू यायचं. काका फोन करून एवढंच विचारायचे, "आज काय परत आलं?" हळूहळू जम बसला, दुसरी जागा घेतली, लोक मोबाइलवर तारे देऊ लागले. मी ते कौतुकाने दाखवायला गेले, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "तारे गच्चीवरून बघावेत. ताटं काय म्हणतात?"

मला आस होती ती त्यांच्याच ताटाची. माझ्याकडे ते कधी जेवलेच नव्हते. "येईन एकदा," म्हणायचे, मग हिंजवडीच्या ट्रॅफिकला चार शब्द सुनवायचे आणि येणं राहून जायचं. मला काही येतं की नाही, हे मला फक्त या एका माणसाकडून कळायला हवं होतं. तेही त्यांनी न बोलता, जेवून.

मग त्यांना घशाचं दुखणं निघालं. खानावळ बंद झाली. तिथं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. भेटायला येऊ नका, खानावळ सांभाळा, असा त्यांचा निरोप आला, म्हणून मी रोज डबा पाठवू लागले. मऊ भात, बिनतिखटाची आमटी, कधी खीर. आमच्याकडचा आचारी त्या बाजूलाच राहायचा, तो रात्री डबा पोचवून सकाळी रिकामा आणायचा. डबा धुऊ नका, तसाच पाठवा, असं मी काकूंना बजावलं होतं. सकाळी आल्या आल्या मी तो उघडायचे. शीत नाही की काही नाही, आमटीची वाटी बोटाने निपटलेली. काका जेवले! मी लहान मुलीसारखी हरखायचे. दिवसभर हाताला चव असायची.

काका गेले. तेरावं झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले.

"शेवटपर्यंत जेवण जात होतं, तेवढंच समाधान," मी म्हटलं.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, कुठलं जेवण? नळी घातली होती. पाण्याचा घोट उतरत नव्हता यांना."

"मग डबा?"

"मी खायचे. उरलं तर खालच्या वॉचमनला. मला म्हणाले, डब्यात शीत राहता कामा नये. ती उघडून बघणार, मीच शिकवलंय तिला. मी वाटी निपटायला बसले की खुर्चीतून बघत राहायचे, नीट निपटतेय की नाही ते."

ताट खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाने माझ्यासाठी रोज ताटालाच खोटं बोलायला लावलं होतं. आणि मला जे कळायला हवं होतं, ते आता कधीच कळणार नव्हतं.

"चांगलं असायचं हो सगळं," काकू म्हणाल्या. काकू पहिल्यापासून सभ्य.

आताही मी रोज दुपारी टबापाशी उभी असते. काय परत आलं, हे विचारणारा फोन येत नाही. अगदी स्वच्छ ताट आलं की पूर्वी बरं वाटायचं. आता मान वर करून, ते ठेवून जाणाऱ्याचा चेहरा बघते.